दातेरी चाकावरचे नाव

एखादी गोष्ट सरळ आहे की वाकडी, हे तुम्ही कशावरून ठरवता, वाचकहो? चार माणसे सांगतात त्यावरून, की स्वतः डोळा लावून?

माझा एक मित्र डोळा लावून ठरवी. लोखंडाचा तुकडा डाव्या हातात घ्यायचा, त्यावर पोलादी पट्टी उभ्या कडेवर टेकवायची, खिडकीकडे तोंड करायचे आणि एक डोळा मिटायचा. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी जरी फट दिसली, तरी तो मान हलवी आणि वैद्याने आजाऱ्याच्या नातलगांशी बोलावे तशा आवाजात म्हणे, "उजेड येतोय." मग पुन्हा कानस हातात, पुन्हा घासणे.

ही खोड कारखान्यापुरती असती तर एक वेळ चालले असते. आमच्या घरी जेवायला आला की तो आईचा पोळपाट उचलून खिडकीसमोर धरी. जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात, बसण्याआधी चाकाकडे एक डोळा मिटून पाही आणि जटकेवाल्याला सांगे की डावे चाक आत झुकले आहे. जटकेवाला विचारी, स्वामी बसणार आहेत की चाक विकत घेणार आहेत?

म्हैसुरात तो इंजिनिअरिंग शिकत होता. सकाळी वर्ग, दुपारी कारखाना. शाळेचे नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे घडले त्यात शाळेचा दोष नाही. घर मंडी मोहल्ल्यात. पूर्वज घोडे घेऊन म्हैसूरच्या फौजेत आले होते; त्या घोड्यांपैकी काही उरले नव्हते, फक्त माजघरात खुंटीला एक तलवार होती. घरी मराठी बोलत, पण दर तिसऱ्या शब्दाला कन्नड. त्याला कन्नड आणि इंग्रजी झरझर वाचता येई. मराठी छापील ओळ मात्र तो बोट ठेवून, लहान मुलासारखी एकेक अक्षर लावून वाची.

माझे नेमके उलटे. माझे वडील शिक्षक. पुण्याहून येणारी पत्रके ते पलंगाखाली रचून ठेवीत आणि मी अक्षरओळख त्या पत्रकांवरच केली. मिसरूड फुटायच्या आधी मी स्वतःची पत्रके लिहू लागलो होतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, खाली नाव कुणाचेच नाही. आमच्या संस्थानात असे काही छापायचे तर परवानगी लागे, आणि परवानगी मागणे मला लाचारी वाटे. बिननावाचे लिहिणे मात्र तेव्हा मला शौर्य वाटत होते.

आमची ओळखही एका पत्रकामुळेच झाली. पत्रक अर्धे छापून झाले आणि पायाने चालवायच्या त्या जुन्या छापयंत्राचा आकडा तुटला. छापखान्याचे म्हातारे मालक जाऊन ह्याला घेऊन आले. त्याने तुटलेले तुकडे जुळवून पाहिले, बैलगाडीची एक जुनी कडी मागून घेतली आणि अंगणात बसून ती घासायला लागला. मी शेजारी उभा राहून त्याला देशाची स्थिती सांगत होतो. दोन तास सांगितली. आकडा काही होईना. शेवटी मी म्हणालो, जरा हात उचल, लोक वाट पाहताहेत.

"निधान, पंत, निधान," तो म्हणाला. सावकाश, असे त्याला म्हणायचे होते. "तुझा देश कुठे पळून जातोय?"

त्या दिवसापासून मी त्याचा पंत झालो आणि तो माझा राव. त्याने केलेला आकडा पुढे कधी तुटला नाही.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शाळेत लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा देत आणि तो नुसत्या कानशीने घासून चौकोनी ठोकळा करायला सांगत. ठोकळा असा हवा की एका चौकोनी भोकात तो कुठल्याही बाजूने फिरवून घातला तरी घट्ट बसावा. बाकीची मुले महिन्याभरात कशीबशी सुटत. ह्याने मेस्त्रींनी पास केलेला ठोकळा परत मागून घेतला आणि आणखी तीन आठवडे घासला, कारण त्याला एका कोपऱ्यात उजेड दिसला होता. मेस्त्रींना दिसला नव्हता.

मी एकदा हट्टाने त्याच्याकडून कानस घेतली. देशाचे उद्योग देशातच व्हावेत असे लिहिणाऱ्याला एक लोखंडाचा तुकडा घासता येऊ नये, याची मला लाज वाटली होती. अर्धा तास घासून मी तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने पट्टी लावली आणि हसायला लागला. माझ्या तुकड्याला मध्ये पोट आले होते, कारण पुढे रेटताना माझा हात खाली जाई आणि मागे येताना वर. शिवाय माझा उजवा कोपर उचलला जाई, म्हणून सगळे ओरखडे डावीकडे कलत. त्याने तो तुकडा मला उन्हात धरून दाखवला आणि सांगितले की शंभर तुकड्यांत हा टाकला तरी पंतांचा म्हणून मी ओळखून काढीन. कारखान्यात प्रत्येकाचे घासणे त्याला ओळखू येई, आपल्याला हस्ताक्षर येते तसे.

घरातल्या तलवारीवर त्याचा फार दिवसांचा डोळा होता. एका दसऱ्याला मी त्या तलवारीसमोर उभा राहून पूर्वजांच्या पराक्रमावर बोललो. त्याची आई, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणते, डोळ्याला पदर लावून ऐकत होती. माझे संपल्यावर हा म्हणाला की पोलाद चांगले आहे, कापून सहा छिन्न्या सहज होतील. अव्वा पळी घेऊन त्याच्या मागे धावली.

अव्वा रेशीम काढते. उकळत्या पाण्यात कोश टाकायचे, त्यांची टोके शोधून धागा उचलायचा आणि तो फिरत्या रहाटावर घ्यायचा. रहाट फिरवायला दुसरे माणूस लागते. ह्याचे वडील होते तोवर ते फिरवीत. ते गेल्यावर अव्वा एका हाताने रहाट फिरवी, दुसऱ्या हाताने कोश सांभाळी, आणि बोटे पाण्यात भाजून घेई. हा कारखान्यातून घरी आला की आधी आईची बोटे पाही.

मग त्याने एक यंत्र करायला घेतले. पायाने चालवायचा रहाट. लाकडी सांगाडा त्याने स्वतः सांधला, आस जटक्याच्या जुन्या आसातून घडवला, पायपट्टी बाभळीची. पण एक अडचण सुटेना. पाय थांबला की रहाट थबके, धाग्याला हिसका बसे आणि धागा तुटे. पुष्कळ दिवस तो या हिसक्यामागे होता. एक दिवस कुठल्या तरी गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली मोडकी सायकल त्याने बाजारातून आणली आणि तिचे मागचे दातेरी चाक काढून रहाटाला बसवले. सायकल चालवणाऱ्यांना ठाऊक असेल, पाय थांबले तरी त्याच्यामुळे मागचे चाक आपल्या लयीत फिरत राहते. धागा तुटायचा थांबला. अव्वाने दोन्ही हात मोकळे करून पहिल्यांदा कोश सांभाळले, तेव्हा ती कामात असूनही मध्येच हात वर करून त्यांच्याकडे पाहत राहिली.

त्या चाकावर इंग्रजी कारखान्याचे आणि गावाचे नाव ठोकलेले होते.

शाळेने ते यंत्र दसऱ्याच्या दिवसांत भरणाऱ्या प्रदर्शनासाठी निवडले. परीक्षकांनी पसंत केले तर त्याला पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळायची होती. मी आनंदाने वेडा झालो. यंत्रावर पत्रक काढायचे ठरवले. त्याने मला एकच गोष्ट सांगितली, आणि ती दोनदा सांगितली.

"चाक जुन्या इंग्रजी सायकलचं आहे, ते लिही. परीक्षकांनाही मी तेच आधी दाखवणार आहे."

मी हो म्हणालो. आणि लिहिले की या यंत्रात एकही परदेशी खिळा नाही.

का लिहिले? कारण ते वाक्य चांगले दिसत होते. दुसरे कारण मला आजवर सापडलेले नाही. पत्रक त्याला दाखवले तेव्हा कन्नड बाजूला अजून शाई लागायची होती, आणि मराठी बाजूच्या दोन ओळी बोट ठेवून लावल्यावर कंटाळून त्याने कागद परत दिला. पंत लिहितो आहे म्हणजे बरोबरच लिहीत असणार, असे तो म्हणाला.

पत्रके वाटली गेली. मग आयुधपूजेचा दिवस आला. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी म्हैसुरात हातोडीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना कुंकू लागते, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. अव्वाच्या माजघरात तलवार मांडली होती, तिच्या शेजारी ह्याच्या कानशी, छिन्न्या, पट्टी, आणि मध्यभागी केळीचे खांब बांधलेले ते यंत्र. दातेरी चाकावर झेंडूची जाड माळ. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र तसेच माळेसकट गाडीवर घालून मंडपात न्यायचे होते.

दुपारी तो गल्लीत प्रसाद वाटायला गेला. अव्वा चुलीपाशी होती. मी माजघरात एकटा बसलो होतो. माळ जरा सरकली होती आणि तिच्यामागून ते इंग्रजी नाव माझ्याकडे पाहत होते. माझे पत्रक गावभर झालेले, आणि हे नाव परवा सगळ्या गावासमोर उघडे पडणार. मी उठलो. पूजेतली एक कानस उचलली. तिच्यावरचे कुंकू माझ्या तळहाताला लागले. ते नाव मी घासून टाकले, माळ नीट केली, कानस जागेवर ठेवली आणि बाहेर येऊन अव्वाकडून पायस घेतले. हे सगळे करताना मला वाटत होते की मी देशकार्य करतो आहे.

परीक्षक आले ते तिसऱ्या दिवशी. परगावचे एक वृद्ध इंजिनिअर होते. त्यांच्या हातात माझे पत्रक होते, कन्नड बाजू वर. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने यंत्र चालवून दाखवले, धागा तुटला नाही, लोकांनी वाहवा केली. मग तो म्हणाला की यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी केलेला नाही, तो कुठून आला ते आता दाखवतो. त्याने माळ काढली.

नावाच्या जागी ताजे, चकाकते लोखंड होते.

परीक्षकांनी चष्मा नीट केला, पत्रकाकडे पाहिले, चाकाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले की हे नाव कुणी घासले. तो चाकाजवळ गेला. वाकून चाकाकडे पाहत राहिला. मला कळले की तो ओरखडे पाहतो आहे. मग त्याने मान वर केली आणि गर्दीत मला शोधून काढले. फार वेळ नाही, एक श्वास घेण्याइतका वेळ.

"यंत्र माझं आहे," तो म्हणाला. "त्यात जे काही आहे ते माझं."

पत्रक कुणी लिहिले, असेही त्यांनी विचारले. माहीत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या तोंडून ऐकलेले पहिले खोटे ते.

मागून कुणीतरी ओरडले, बाजूला व्हा, स्वदेशी सायकल आली. मंडप हसला. मी हसलो नाही एवढेच. गप्प मात्र राहिलो. शिष्यवृत्ती गेली, आणि लबाडी करणाऱ्याला ठेवायचे कसे म्हणून थोड्याच दिवसांत वर्गही गेला. परीक्षकांना बोल लावू नका. त्यांच्यासमोर एक घासलेले चाक होते आणि कबुली देणारा एक मुलगा होता.

मी दोन दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो यंत्राला तेल घालत होता. मी रडलो, उद्याच जाऊन सगळे सांगतो म्हणालो. त्याने आधी ऐकून घेतले.

"घासायचंच होतं, तर नीट तरी घासायचंस. पोट काढून ठेवलंस." मग तेलाची बुधली खाली ठेवून म्हणाला, "सांगशील तर पत्रक कुठे छापलं ते विचारतील. म्हाताऱ्याचा छापखाना जाईल. राहू दे."

मी पुन्हा काही बोलू लागलो तेव्हा त्याने मला थांबवले. "सायकलचं चाक लावायची मला लाज नव्हती, पंत. ती तुला होती."

वाचकहो, आजवर मी किती सभांत बोललो, किती कागद काळे केले. हे वाक्य आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतो आहे.

पुढच्या दसऱ्याच्या आत तो म्हैसूर सोडून गेला. आता हुबळीकडे कुठल्याशा कारखान्यात फिटर आहे. चार वर्षे झाली, एकदाही घरी आलेला नाही. अव्वाला वाचता येत नाही म्हणून त्याची कन्नड पत्रे मीच वाचून दाखवतो. मीच वाचणार हे त्याला माहीत आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ नेहमी असते, वाचणाऱ्यास नमस्कार. ती ओळ मी अव्वाला वाचून दाखवत नाही.

छापखान्याचे मालक गेल्या वर्षी वारले. छापखाना मोडीत निघाला. तेव्हाच मला बोलता आले असते. आणखी एक वर्ष मी गप्प बसलो, आणि या गप्प बसण्याला म्हाताऱ्याचे कारणही उरले नव्हते.

गेल्या आठवड्यात पत्र आले. यंदा दसऱ्याला आठ दिवस रजा मिळते आहे, अव्वा म्हणेल तर येईन, असे त्याने लिहिले आहे. मी वाचून थांबलो. अव्वा पायाने रहाट चालवीत होती, ती थांबली नाही.

"नको म्हणून लिही," ती म्हणाली. "नळावर गेले की अजून सायकलवाली म्हणतात मला. माझं जाऊ दे. तो आला की त्याच्या तोंडावर म्हणतील. तिथं आहे, बरं आहे."

मी लेखणी खाली ठेवली आणि तिला सगळे सांगितले. पत्रक, माळ, कानस, माझा हात. काही वगळले नाही. मी संपवले तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मगा, म्हणजे लेकरा, अशी हाक मारली.

"मगा, तू त्याचा जिवाभावाचा. तू असंच सांगणार." मग म्हणाली, "विजयादशमीला हत्यारं उचलताना मीच बघितली ती कानस. कुंकू पुसलेलं, दात्यांत लोखंडाचा कीस. पूजेचं हत्यार कुणी उचललं, म्हणून मंडपातला तमाशा होऊन घरी आल्यावर विचारलं त्याला. अव्वा, मीच, म्हणाला. आईसमोर खोटं बोलेल का तो? पूजा मोडली, म्हणून हे सगळं झालं. लिही, मगा. नको म्हणून लिही."

तिला अक्षर कळत नाही. लेखणी माझ्या हातात होती. "नको" ऐवजी "ये" लिहायला मला अर्धा क्षण पुरला असता, आणि तिला ते कधी कळले नसते. तिच्या भल्यासाठीच केले, असे मी स्वतःला सांगितलेही असते. माळेमागे हात घातला तेव्हाही मी असेच काहीतरी सांगितले होते. मी "नको" लिहिले. पत्र माझ्या मेजावर आहे. आठ दिवस थांबून टाकतो असे मी तिला सांगितले आणि ती बरे म्हणाली. त्यातले पाच दिवस उरले आहेत.

म्हणून हे लिहितो आहे, आणि या खेपेला खाली माझे नाव छापले आहे. ज्या कुणाला या मजकुराची चौकशी करायची असेल, त्याने माझ्याकडे यावे.

पण माझे सांगणे तिला पटत नाही. मित्र मित्रासाठी बोलतो, असे ती धरून चालते. तुमचे तसे नाही. तुम्ही त्या दिवशी मंडपात होता, तुम्ही हसला होता, नळावर तिला नाव ठेवणारी माणसे तुमच्या घरातली आहेत. तुम्हाला तिची किंवा त्याची भीड नाही. म्हणून तुम्ही सांगितले तर ती ऐकेल.

या पाच दिवसांत मंडी मोहल्ल्यात जा. रेशीमवाली अव्वा म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. सकाळी जा, तेव्हा ती कोश घेऊन बसलेली असते. हा कागद तिला वाचून दाखवा, कानशीची गोष्ट येईल तिथे सावकाश वाचा, दार उघडे ठेवून शेजारच्यांना ऐकू जाईल असे वाचा. तिने ताक दिले तर नाही म्हणू नका. आणि उठण्यापूर्वी तिला सांगा की आम्ही चुकलो, मुलाला घरी बोलाव.